हृदय कुणाचं कुणाला चालतं?

ग्रीन कॉरिडॉरची बातमी आता आपल्याला नवी राहिलेली नाही. पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला, पेटी घेऊन रुग्णवाहिका सुटली, एरवी तासभर खाणारं अंतर काही मिनिटांत कापलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातलं हृदय मुंबईत मुलुंडला आणून बसवलं गेलं, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. पण सायरन वाजायच्या आधीच एक अवघड निर्णय होऊन गेलेला असतो. हे हृदय द्यायचं कुणाला? प्रतीक्षायादीत पहिला नंबर कुणाचा, एवढ्यावर ते ठरत नाही. ते हृदय त्या माणसाला चाललं पाहिजे.

चालणं म्हणजे काय, याविषयी बहुतेकांची समजूत मूत्रपिंडावरून झालेली असते. भावाचं भावाला जुळलं, आईचं मुलाला जुळलं, अहवालात इतके गुण मिळाले, असं आपण ऐकलेलं असतं. हृदयाच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. सर्वांत जास्त जुळणारा रुग्ण शोधत बसायला इथे कुणाला सवड नसते. इथे वगळत जातात. हे हृदय कुणाच्या शरीरात गेलं तर काही तासांत किंवा काही दिवसांत बंद पडेल, त्यांची नावं एकेक करून बाजूला काढायची. उरतील त्यांच्यात ज्याची गरज सर्वांत तातडीची, त्याला ते द्यायचं. बाकीचं जे जुळलेलं नाही, ते औषधांनी आयुष्यभर सांभाळायचं.

ही वगळण्याची पद्धत नीट समजून घ्यायची, तर आधी घड्याळाकडे पाहावं लागतं.

चार तास

दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय विशेष द्रावणाने थांबवून, बर्फाच्या पेटीत ठेवून साधारण चार तास चांगलं राहतं. दात्याच्या शरीरात त्याचा रक्तपुरवठा तोडला तिथपासून नव्या शरीरात तो पुन्हा सुरू झाला तिथपर्यंतचा हा वेळ. काढणं, प्रवास आणि शिवणं, सगळं त्यातच बसवायचं. शिवायलाच तासभर जातो, म्हणजे प्रवासाला उरतात अडीच-तीन तास. थंड ठेवलेलं मूत्रपिंड २४ तास किंवा त्याहूनही थोडा जास्त वेळ थांबू शकतं. म्हणून मूत्रपिंडाच्या बाबतीत सविस्तर तपासण्या करून सर्वांत चांगली जोडी लावता येते. हृदयाच्या वाट्याला ती चैन येत नाही. ज्या तपासण्या करायच्या त्या हृदय दात्याच्या छातीत धडधडत असतानाच उरकाव्या लागतात.

ते शक्य होतं, कारण दाता मेंदूमृत असतो. त्याच्या मेंदूचं, विशेषतः मेंदूच्या खोडाचं काम कायमचं थांबलेलं असतं, श्वास व्हेंटिलेटरवर चाललेला असतो, पण हृदय चालू असतं. भारतात याला कायदेशीर आधार मिळाला तो १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत सर्वप्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू प्रमाणित करावा लागतो. मग कुटुंबाची संमती, मग विभागीय समन्वय केंद्राला, म्हणजे झेडटीसीसीला, कळवणं. महाराष्ट्रात अशी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. दात्याचा रक्तगट, वय, उंची, वजन, इको आणि कुठल्या शहरात आहे हा तपशील समन्वयकाच्या हातात पडला की चाळण सुरू होते.

पहिली चाळणी: रक्तगट

रक्तगट हा केवळ रक्ताचा गुण नाही. ए आणि बी ही ज्या साखरेच्या रेणूंची नावं आहेत, ते रेणू तांबड्या पेशींवर असतात तसेच रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात. हृदय म्हणजे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोहोंविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, लहानपणापासून तयार असतात. त्याला बी गटाचं हृदय बसवलं, तर रक्तवाहिनीवरचा चिमटा (क्लँप) सोडून रक्त आत शिरताच ही प्रतिपिंडं अस्तरावर तुटून पडतात. अस्तर फाटतं, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि हृदय सर्जनच्या डोळ्यांदेखत काळंनिळं पडून थांबतं. हे काही मिनिटांत ते काही तासांत घडतं आणि ते हृदय वाचवणं जवळपास अशक्य असतं.

म्हणून रक्तगटाचा नियम रक्त चढवण्यासारखाच. ओ गटाचं हृदय कुणालाही चालू शकतं, एबी गटाच्या रुग्णाला कुणाचंही चालू शकतं, ए आणि बी एकमेकांना चालत नाहीत. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा मात्र इथे अडसर होत नाही, कारण तो आरएच घटक तांबड्या पेशींवर असतो, हृदयाच्या अस्तरावर नसतो.

पण हा नियम जसाच्या तसा वापरला तर एक अन्याय होतो. ओ गटाचं हृदय सगळ्यांना चालतं म्हणून सगळ्यांना वाटत सुटलं, तर ओ गटाच्या रुग्णांना काहीच उरत नाही, कारण त्यांना फक्त ओच चालतं. जगभरात ओ गटाचे रुग्ण यादीत जास्त काळ अडकतात ते यामुळेच. त्यामुळे वाटप करताना आधी त्याच रक्तगटाचा रुग्ण पाहतात आणि तो नसेल किंवा दुसऱ्याची अवस्था फारच नाजूक असेल, तरच पुढे सरकतात.

या चाळणीला दोन अपवाद आहेत. त्यातला एक थेट मुंबईचा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट शोधला, तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी हे रेणू ज्या पायावर उभे राहतात, तो एच नावाचा पायाच या माणसांत नसतो. साध्या तपासणीत ते ओ गटाचे वाटतात, पण त्यांच्या रक्तात एचविरुद्धही प्रतिपिंडं असतात. ओ गटाच्या अवयवावर एच भरपूर असतो. म्हणजे ज्याला आपण सगळ्यांना चालणारं म्हणतो, ते ओ गटाचं हृदयसुद्धा त्यांना परकंच.

दुसरा अपवाद तान्ह्या बाळांचा. ए आणि बी विरुद्धची प्रतिपिंडं जन्मतः तयार नसतात, पहिल्या वर्षभरात हळूहळू बनतात. टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमधल्या डॉ. लोरी वेस्ट आणि त्यांच्या चमूने १९९०च्या दशकात या फटीचा उपयोग केला आणि रक्तगट न जुळणारी हृदयं तान्ह्या बाळांना बसवली. २००१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळांची हृदयं टिकली, इतकंच नाही, तर त्या विशिष्ट गटाविरुद्धची प्रतिपिंडं बनवायचं त्यांची शरीरं पुढेही टाळताना दिसली. मोठ्यांच्या बाबतीत ही फट कधीच बंद झालेली असते.

दुसरी चाळणी: आकार

साठ किलोच्या माणसाचं हृदय ऐंशी किलोच्या माणसाला पुरेल का? वर्षानुवर्षं याचं उत्तर वजनकाट्यावर शोधलं गेलं. दात्याचं वजन रुग्णाच्या वजनापेक्षा ३० टक्क्यांहून कमी नसावं, हा ढोबळ नियम. दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असेल तर अधिक सावधगिरी बाळगून २० टक्क्यांची मर्यादा. लहान हृदय मोठ्या शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही. फार मोठं हृदय लहान छातीत कोंडलं जातं आणि छाती बंद करताना दाबलं जातं.

आता मात्र नुसत्या वजनावर विसंबत नाहीत. वजनात चरबीही मोजली जाते आणि पोट सुटलं म्हणून हृदय त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून उंची, वजन, वय आणि लिंग या चारांवरून हृदयाच्या स्नायूचं अंदाजे वजन काढतात. हे सूत्र हजारो निरोगी माणसांच्या एमआरआयवरून बसवलेलं आहे. उंची आणि वजन सारखं असलं तरी पुरुषाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त ढकलणारा मुख्य कप्पा, स्त्रीच्या मानाने सुमारे २१ टक्के जड भरतो.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहू. रुग्ण पुरुष, वय ५०, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो. सूत्राप्रमाणे त्याच्या हृदयाचं अपेक्षित वजन साधारण १६९ ग्रॅम. दाता स्त्री, वय ३०, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६० किलो. तिचं हृदय साधारण १२९ ग्रॅम. शरीराच्या वजनाने पाहिलं तर ७० आणि ६०, म्हणजे फरक जेमतेम १४ टक्के. जुन्या नियमात सहज बसतं. हृदयाच्या वजनाने पाहिलं तर मात्र दात्याचं हृदय २४ टक्के हलकं निघतं. अभ्यासात असं आढळलं आहे की ही तूट १४ टक्क्यांपलीकडे गेली की पहिल्या वर्षातल्या मृत्यूंचं प्रमाण वाढतं. याच उंचीचा, वजनाचा आणि वयाचा दाता पुरुष असता, तर त्याचं हृदय १५३ ग्रॅमच्या आसपास भरलं असतं. तूट दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे चालण्यासारखं.

हृदय मोठं असेल तर किती मोठं चालेल, हे रुग्णाच्या आजारावर अवलंबून असतं. स्नायू ढिले पडून हृदय फुगत गेलेलं असेल, तर त्याने छातीत आधीच ऐसपैस जागा करून ठेवलेली असते आणि थोडं मोठं हृदय तिथे सहज मावतं. स्नायू कडक होऊन हृदय आहे त्याच आकाराचं राहिलं असेल, तर ही सूट मिळत नाही.

तिसरी चाळणी: फुप्फुसातला दाब

ही चाळणी दात्याची नसून रुग्णाची आहे आणि ती दाता मिळाल्याचा फोन येण्याच्या कितीतरी आधी लावलेली असते. डावी बाजू थकली की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. हे वर्षानुवर्षं चाललं की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात. रुग्णाच्या जुन्या हृदयाच्या उजव्या बाजूला त्या दाबाविरुद्ध ढकलायची हळूहळू सवय झालेली असते. दात्याचं हृदय आलेलं असतं निरोगी फुप्फुसांच्या माणसाकडून. पहिल्या मजल्यावर पाणी चढवणारी मोटर एका रात्रीत दहाव्या मजल्याला जोडावी, तसं त्याचं होतं. उजवी बाजू फुगते, हतबल होते, आणि डावी बाजू ठणठणीत असूनही रुग्ण ऑपरेशन टेबलवरच हातचा जाऊ शकतो.

म्हणून यादीत नाव घालण्यापूर्वी मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत घालून दाब मोजतात. हिशेब सरळ आहे. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ३५, डाव्या बाजूचा दाब २०, हृदय मिनिटाला ३.५ लिटर रक्त ढकलतंय. ३५ वजा २० म्हणजे १५, त्याला ३.५ने भागलं की ४.३. या एककाला वुड युनिट म्हणतात. निरोगी माणसात हा आकडा दोनच्या आत असतो. पाचच्या वर गेला, तर नुसतं हृदय बदलणं धोक्याचं मानतात.

आकडा जास्त आला म्हणून दार लगेच बंद होत नाही. तिथल्या तिथे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देऊन पुन्हा मोजतात. दाब उतरला तर वाहिन्या अजून लवचीक आहेत, असा त्याचा अर्थ. उतरला नाही, तर काही रुग्णांना डाव्या बाजूला मदत करणारा यांत्रिक पंप बसवून काही महिने थांबतात. तुंबलेलं रक्त मोकळं झालं की बऱ्याच जणांचा दाब हळूहळू खाली येतो. आकडा काठावरचा असेल, तर दात्याचं हृदय थोडं मोठंच पाहतात. म्हणजे दुसरी आणि तिसरी चाळणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

चौथी चाळणी: शरीराची जुनी ओळख

आता मूत्रपिंडाच्या जुळणीत गाजणारा भाग, एचएलए. पेशींच्या पृष्ठभागावरची ही प्रथिनं शरीराला आपलं आणि परकं ओळखायला मदत करतात. त्यांचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि आपल्याला एक संच आईकडून, एक वडिलांकडून मिळतो. या प्रथिनांचे इतके प्रकार आहेत की रक्ताचं नातं नसलेल्या दोन माणसांचे सगळे जुळणं हा निव्वळ योगायोग ठरावा. माणसातल्या या व्यवस्थेचा पहिला धागा १९५८ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांना सापडला आणि त्यासाठी त्यांना १९८० मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

एचएलए थोडं जास्त जुळलं तर हृदयही थोडं जास्त टिकतं, हे मोठ्या आकडेवारीत दिसलेलं आहे. पण जुळणी साधण्यासाठी हृदय दूरच्या शहरात पाठवलं, तर प्रवासात जे नुकसान होईल ते या फायद्याहून मोठं असतं. म्हणून एचएलए जुळवायच्या भानगडीत हृदयाचे डॉक्टर पडत नाहीत. ते फक्त एक प्रश्न विचारतात: या दात्याच्या एचएलएविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच तयार आहेत का?

ती येतात कुठून? परक्या एचएलएशी शरीराची गाठ पडली की. बाळंतपणात आईच्या शरीराला बाळातली वडिलांकडची प्रथिनं भेटतात. रक्त चढवताना दात्याच्या पांढऱ्या पेशी भेटतात. आधी एखादा अवयव बसवलेला असेल तर तो कारण ठरतो. यांत्रिक पंप बसवलेल्यांतही अशी प्रतिपिंडं वाढलेली आढळतात. म्हणून दोन-तीन बाळंतपणं झालेली स्त्री किंवा वारंवार रक्त चढवलेला रुग्ण या चाळणीत जास्त अडकतो. हृदयाच्या रुग्णाला शक्यतो रक्त देणं टाळावं आणि द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळून द्यावं, यावर डॉक्टर अडून बसतात ते याच कारणाने.

ही तपासणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. एका छोट्या नळीत डोळ्यांना न दिसणारे शंभरेक प्रकारचे प्लास्टिकचे मणी असतात. प्रत्येक प्रकाराला आपली वेगळी रंगछटा आणि प्रत्येकावर एकाच जातीचं एचएलए प्रथिन चिकटवलेलं. त्यात रुग्णाच्या रक्तातलं सीरम घालतात. ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं असतील, ती नेमकी त्याच मण्याला जाऊन चिकटतात. मग चमकणारं दुसरं रसायन घालून मणी लेझरसमोरून एकेक करून सोडतात. यंत्र रंगछटेवरून मणी कोणता ते ओळखतं आणि चमक किती त्यावरून प्रतिपिंडं किती ते सांगतं. या अहवालावरून त्या रुग्णासाठी वर्ज्य एचएलएची यादी बनते. रुग्ण जितका काळ प्रतीक्षेत असेल, तितका काळ ही तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा करतात, कारण मधल्या काळात रक्त चढवलं किंवा मोठा संसर्ग झाला तर यादी बदलू शकते.

दात्याची बातमी आली की त्याच्या रक्तावरून त्याचं एचएलए काही तासांत काढतात आणि ते वर्ज्य यादीशी ताडून पाहतात. दोन्ही रक्तं प्रत्यक्ष एकत्र न करता, कागदावरच झालेली ही जुळणी. तिला आभासी क्रॉसमॅच म्हणतात. वर्ज्य यादीतलं काही दात्यात सापडलं नाही, तर पुढे जायचं. प्रत्यक्ष दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं सीरम एकत्र करून केलेला क्रॉसमॅच बऱ्याचदा शस्त्रक्रियेनंतर हाती येतो. त्याचा उपयोग पुढच्या औषधांची मात्रा ठरवायला होतो.

काहींच्या रक्तात इतक्या प्रकारची प्रतिपिंडं असतात की शंभरातले ऐंशी दाते त्यांना वर्ज्य ठरतात. अशा वेळी रक्तातला द्रव यंत्रातून फिरवून प्रतिपिंडं काढून टाकणं, बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देणं, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी दाबणारी औषधं देणं, असे उपाय करतात. ते महाग आहेत, संसर्गाचा धोका वाढवणारे आहेत आणि त्यांचा परिणाम प्रत्येकावर सारखा होत नाही.

हृदय स्वतः कसं आहे

रुग्णाला चालणारं हृदय मुळात चांगलं असायला हवं. मेंदू मृत होताना शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा जो लोंढा येतो, त्याने निरोगी हृदयही तात्पुरतं बधिर होऊ शकतं. म्हणून इको एकदाच न पाहता काही तासांनी पुन्हा पाहतात. दाता चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेला असेल, मधुमेह किंवा धूम्रपानाचा इतिहास असेल, तर अँजिओग्राफीही करायला पाहतात.

एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या ओघाने आल्याच. हृदयापुरता एक खास मुद्दा टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा. तो स्नायूत दडून बसतो आणि हृदय म्हणजे स्नायूच. दात्याच्या हृदयात तो झोपलेला असेल आणि रुग्णाची त्याच्याशी पूर्वी कधी गाठ पडली नसेल, तर प्रतिकारशक्ती दाबल्यावर तो जागा होतो. सायटोमेगॅलो विषाणूचंही तसंच. हे दोन्ही निघाले म्हणून हृदय नाकारत नाहीत. दात्यात आहे आणि रुग्णात नाही, हे टिपून ठेवायचं आणि प्रतिबंधक औषध सुरू करायचं. कुठली विसंगती जीवघेणी आणि कुठली निभावून नेण्यासारखी, हा फरक करणं म्हणजेच ही सगळी कला.

शेवटची तपासणी डोळ्यांनी आणि हातांनी होते. रुग्णाच्या रुग्णालयातले सर्जन दात्याकडे जातात, छाती उघडल्यावर हृदय पाहतात, धमन्यांवरून बोट फिरवून चुना साचल्यासारखा कडकपणा आहे का ते चाचपतात. ठीक असेल तर फोन जातो. तिकडे रुग्णाला भूल दिली जाते, पण दात्याचं हृदय इमारतीत पोहोचल्याशिवाय रुग्णाचं जुनं हृदय काढत नाहीत. दात्याच्या हृदयात दोष निघाला, तर शस्त्रक्रियेसाठी आत नेलेल्या रुग्णाला पुन्हा खोलीत आणावं लागतं. नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं.

जे जुळलं नाही त्याचं काय

एवढ्या चाळण्यांतून आलेलं हृदयही परकंच असतं. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले. त्यांना मृत्यू आला तो न्यूमोनियाने, कारण नवं हृदय नाकारलं जाऊ नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती जोरकसपणे दाबलेली होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, तो रुग्ण काही तासांतच गेला. त्या एका वर्षात जगभरात शंभरच्या आसपास हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण दगावले. हृदय शिवता येत होतं, पण ते परकेपण निभावून कसं न्यायचं हे उमगलेलं नव्हतं. बहुतेकांनी हा नाद सोडला. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे मात्र चिकाटीने काम करत राहिले.

वळण आलं ते दोन गोष्टींनी. १९७३ मध्ये स्टॅनफर्डलाच फिलिप केव्हज यांनी मानेतल्या शिरेतून चिमटा घालून हृदयाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा काढायची पद्धत बसवली. त्यामुळे नाकारणं सुरू झालंय हे लक्षणं दिसायच्या आधी कळू लागलं. दुसरी गोष्ट सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळालेलं हे औषध १९८३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते सरसकट सगळी प्रतिकारशक्ती न दाबता टी पेशींना नेमकं आवरतं. भारतात ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं, ते या नव्या काळात. आज सायक्लोस्पोरिनची जागा बहुतांशी टॅक्रोलिमसने घेतली आहे. जोडीला मायकोफेनोलेट आणि सुरुवातीला स्टेरॉइड. चांगल्या केंद्रांत शंभरातले ८५ ते ९० रुग्ण पहिलं वर्ष पार करतात आणि निम्म्याहून अधिक जण दहा वर्षांपलीकडे जातात.

टॅक्रोलिमस एकही दिवस चुकवून चालत नाही. रक्तातली पातळी कमी पडली की हृदय नाकारलं जातं, जास्त झाली की मूत्रपिंडं बिघडतात. ग्रेपफ्रूटचा रस, काही प्रतिजैविकं आणि बुरशीवरची काही औषधं ही पातळी एकदम वाढवतात, तर क्षयावरचं रिफॅम्पिसिन ती झपाट्याने खाली आणतं. क्षय आपल्याकडे बराच आढळत असल्याने टॅक्रोलिमस आणि रिफॅम्पिसिन या जोडीवर आपल्या डॉक्टरांना विशेष नजर ठेवावी लागते.

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात एका रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं गेलं. या प्रयोगाकडे पाहिलं की आपल्या सगळ्या चाळण्या एका रांगेत दिसतात. डुकराच्या पेशींवरच्या ज्या तीन साखरांवर माणसाची प्रतिपिंडं लगेच तुटून पडतात, त्यांचे जनुक काढलेले होते. हा झाला रक्तगटाचा प्रश्न. हृदय वाढत जाऊन छातीत मावेनासं होऊ नये म्हणून वाढीच्या संप्रेरकाशी संबंधित एक जनुकही काढलेला होता. हा आकाराचा. माणसाचे सहा जनुक घातलेले होते, ते प्रतिकारशक्ती आणि गुठळ्या आवरायला. एवढं करून रुग्ण सुमारे दोन महिने जगला आणि नंतरच्या तपासणीत त्या हृदयात डुकरांचा एक सायटोमेगॅलो विषाणू लपलेला आढळला. संसर्गाच्या चाळणीतून निसटलेला.

शंभरातून किती

आता सगळ्या चाळण्या एकाखाली एक लावून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. ओ गटाची, मध्यम बांध्याची, दोन बाळंतपणं झालेली एक बाई यादीत आहे. तिच्या रक्तात अशी प्रतिपिंडं आहेत की ८० टक्के दाते तिला वर्ज्य ठरतात. वर्षभरात १०० दात्यांची हृदयं मिळाली असं समजा. त्यातले ओ गटाचे ३० धरू. आकार आणि तिच्या फुप्फुसांचा दाब पाहता त्यातली निम्मी, म्हणजे १५, चालतील. प्रतिपिंडांनी त्यातली १२ बाद होतील. उरली तीन. त्यात एखादं चार तासांच्या टप्प्याबाहेरच्या शहरात असेल, एखादं इकोवर अशक्त निघेल. हाती लागेल ते एक आणि त्यावरही तिच्याहून गंभीर अवस्थेतल्या कुणाचा आधी हक्क असू शकतो.

डॉक्टर या हिशेबातले मधले आकडे थोडेफार हलवू शकतात. औषधांनी प्रतिपिंडं कमी करता येतात, पंप लावून फुप्फुसाचा दाब उतरवता येतो. हृदयातून रक्त फिरवत ठेवणाऱ्या नव्या पेट्यांमुळे चार तासांची मर्यादाही काही ठिकाणी ताणली जाऊ लागली आहे. रक्तगट मात्र बदलत नाही, उंची बदलत नाही. शंभर हा पहिला आकडा डॉक्टरांच्या हातात नसतो. आपल्याकडे अवयवदानाचं कार्ड भरलेलं असलं तरी ऐनवेळी कुटुंबाची संमती लागते आणि ती मागितली जाते अतिदक्षता विभागाबाहेर, घरच्यांना काही सुचत नसताना. आपल्या मनात काय आहे हे त्यांना आधीच माहीत असेल, तर उत्तर सोपं होतं. शंभरच्या जागी दोनशे झाले, तर त्या बाईसाठी एकाच्या जागी दोन हृदयं असतील.